उपग्रहाला पूल दिसत नाही!

‘जीपीएस आहे ना, मग कशाला कुणाला रस्ता विचारायचा?’ हे वाक्य हॉस्टेलमध्ये ट्रिपची चर्चा सुरू झाली की हमखास ऐकू येतं. बाइकवरून किंवा भाड्याच्या गाडीतून जायचं असेल तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. फोनने चुकीच्या गल्लीत नेलं तर गाडी वळवायची, फोनला चार शिव्या घालायच्या आणि पुढे निघायचं. पण तुमची गाडी तीन मीटर उंच, सात मीटर लांब आणि साडेतीन टन वजनाची असेल तर? आणि समोरचा पूल दोन मीटर नव्वद सेंटिमीटरचाच असेल तर? अशा वेळी चुकलेली गल्ली म्हणजे उडालेलं छप्पर!

मित्रांनो, हा लेख मोटारहोमच्या प्रवासात नेव्हिगेशन डिव्हाइस आणि फोनवरचे नकाशे कसे वापरायचे याबद्दल आहे. पण खरं सांगायचं तर हा आपल्या अभ्यासक्रमाचाच विषय आहे. यात फिजिक्स आहे, डेटा स्ट्रक्चर आहे, डेटाबेस आहे आणि थोडं कॉमन सेन्सही आहे (ज्याचा पेपर युनिव्हर्सिटी कधीच काढत नाही).

मोटारहोम म्हणजे काय?

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला बेड, छोटा ओटा, गॅस, फ्रिज, पाण्याची टाकी आणि टॉयलेटसुद्धा. अमेरिकेत याला ‘आरव्ही’ म्हणतात, युरोपात ‘कॅम्पर’ किंवा ‘मोटारहोम’. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला आहे तो ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मंडळी सुट्टीत चार-पाच जण मिळून मोटारहोम भाड्याने घेतात आणि निघतात. हॉटेलचा खर्च वाचतो आणि वरणभात आपल्या हातचा खायला मिळतो!

चालवायला ही गाडी फार कठीण नाही. युरोपात साडेतीन टनांपर्यंतचं मोटारहोम साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येतं, आणि हीच खरी गोम आहे. ट्रक ड्रायव्हरला ट्रेनिंग असतं. पुलाची पाटी बघायची त्याला सवय असते. मोटारहोमच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस मात्र कालपर्यंत छोटी कार चालवत होता. डोक्यावर किती गाडी आहे हे त्याला आरशातसुद्धा दिसत नाही. अशा माणसाचा सगळा भरवसा डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर असतो. तेव्हा त्या स्क्रीनला नेमकं काय माहीत असतं, आणि काय नसतं, ते बघू या.

पहिला प्रश्न : मी कुठे आहे?

जीपीएसचं काम फक्त एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देणं आहे. रस्ता कुठला, पूल किती उंच, पुढे ट्रॅफिक आहे का, यातलं काहीही उपग्रहाला ठाऊक नसतं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की अर्धे गैरसमज दूर होतात.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किमी उंचीवर सहा कक्षांमध्ये फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट ओरडून सांगत असतो : ‘मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.’ हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर त्याला सुमारे ६७ मिलिसेकंद लागतात. लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे अंतर. एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं म्हणजे आपण एका मोठ्या गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत. दुसरा गोल पहिल्याला छेदतो, तिसरा त्या दोघांना. मग चौथा उपग्रह कशाला? कारण आपल्या फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. उपग्रहात अणुघड्याळ, आपल्याकडे क्वार्ट्झ. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक! म्हणून एक्स, वाय, झेड आणि घड्याळातली चूक अशी चार अज्ञातं, त्यासाठी चार समीकरणं, आणि त्यासाठी चार उपग्रह. एम-वन, एम-टू उगाच शिकवत नाहीत, बरं का!

आणखी एक गंमत. उपग्रह वेगाने फिरतो म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं (विशेष सापेक्षता), आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं (व्यापक सापेक्षता). निव्वळ फरक दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ११ किमीच्या आसपास चूक साचेल. म्हणजे आइन्स्टाइनशिवाय पिझ्झावालासुद्धा आपल्या गेटवर पोचणार नाही.

पूर्वी अमेरिकन लष्कर नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गोंधळ घालत असे. त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंत चूक यायची. मे २००० च्या सुरुवातीला तो गोंधळ बंद केला गेला आणि तिथून कारमधल्या नेव्हिगेशनचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. सोबतीला रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू आहेच. आपल्या इस्रोचं नाविक भारत आणि आसपासच्या सुमारे १,५०० किमी पट्ट्यासाठी आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात ते मदतीला येणार नाही, पण आपल्या घाटात येईल.

इथे एक मोठा गैरसमज खोडून काढतो. ‘रेंज नाही म्हणजे जीपीएस चालणार नाही’ हे साफ चूक आहे. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. फोन विमान-मोडवर असला तरी उपग्रहाचा सिग्नल पकडता येतो. नेटवर्क लागतं ते दोन कामांसाठी. पहिलं म्हणजे घाई. उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने येते. एका उपग्रहाची नेमकी कक्षा मिळायला ३० सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग मिळायला साडेबारा मिनिटं. नेटवर्क असेल तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून चटकन उचलतो. त्यामुळे रेंज नसलेल्या जागी फोन जागा शोधायला वेळ लावतो, पण शोधतो. दुसरं काम म्हणजे नकाशा. निळा ठिपका तर आला, पण त्याच्याखाली नकाशाच नाही, सगळं कोरं! हा अनुभव खूप जणांनी घेतला असेल.

दुसरा प्रश्न : जायचं कसं?

आता खरा खेळ सुरू होतो. नकाशा म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक ग्राफ. चौक म्हणजे नोड, रस्ता म्हणजे एज, आणि त्या रस्त्यावरून जायला लागणारा वेळ म्हणजे एजचं वेट. सगळ्यात कमी वेटचा मार्ग शोधायचा. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने याचा अल्गोरिदम १९५९ साली प्रसिद्ध केला आणि तोच आपण सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांच्या फाइलमधून उतरवतो. १९६८ मध्ये त्याचा सुधारलेला भाऊ ए-स्टार आला. लाखो चौकांच्या देशात उत्तर क्षणात मिळावं म्हणून पुढे आणखी बऱ्याच युक्त्या निघाल्या, पण मूळ कल्पना तीच.

एक उदाहरण घेऊ. ‘क’ गावाहून ‘ख’ गावाला जायला दोन रस्ते आहेत. पहिला १८ मिनिटांचा, पण वाटेत २.९ मीटर उंचीचा रेल्वे पूल. दुसरा वळसा घालून ३१ मिनिटांचा. कारसाठी उत्तर सरळ आहे, १८ मिनिटं. ३.०५ मीटर उंचीच्या मोटारहोमसाठी मात्र पहिला रस्ता अस्तित्वातच नाही. त्या एजचं वेट अनंत धरायला हवं. म्हणजे अल्गोरिदम तोच, फक्त प्रश्न विचारण्याआधी ग्राफमधून काही एज खोडून टाकायच्या. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : गाडीची मापं आणि पुलाची मापं.

गाडीची मापं आपण द्यायची. पण ती घ्यायला सॉफ्टवेअरमध्ये जागा हवी ना! गूगल मॅप्समध्ये कार, दुचाकी, पायी असे पर्याय आहेत, पण ‘माझी गाडी ३.०५ मीटर उंच आहे’ असं सांगायची सोय नाही. म्हणजे ते तुम्हाला कार समजूनच रस्ता देणार. यात त्याची लबाडी काही नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर देतं. प्रश्नच दुसऱ्या गाडीचा असतो.

पुलाची मापं कुणीतरी डेटाबेसमध्ये भरलेली असावी लागतात. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. एखाद्या पुलाची उंची भरलेलीच नसेल तर? डेटाबेसच्या लेक्चरला सर सांगतात तसं, नल व्हॅल्यू म्हणजे शून्य नव्हे. पण नल म्हणजे अनंतही नव्हे! मात्र रस्ता शोधणारा प्रोग्राम बहुतेक वेळा ‘उंचीची नोंद नाही, म्हणजे बंदी नाही’ असं धरून चालतो. त्याला दुसरा पर्यायही नाही. नोंद नसलेला प्रत्येक रस्ता बंद धरला तर गाडी कॅम्पसाइटच्या फाटकातूनच बाहेर पडणार नाही. म्हणून महागड्या डिव्हाइसमध्ये उंची भरली तरी त्याचा अर्थ इतकाच की ‘ज्या पुलांची नोंद आहे ते टळतील.’ सगळे पूल टळतील असं नाही.

अकरा फूट आठ इंच

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरॅम नावाचं शहर आहे. तिथल्या ग्रेगसन स्ट्रीटवरचा रेल्वे पूल जगप्रसिद्ध आहे. त्याची उंची होती ११ फूट ८ इंच, म्हणजे ३.५६ मीटर. २००८ पासून शेजारच्या इमारतीवर कॅमेरा लावलेला आहे. त्यात भाड्याच्या ट्रकची आणि आरव्हीची छपरं सार्डिनच्या डब्यासारखी सोलून निघताना दिसतात. लोकांनी त्या पुलाचं नावच ‘कॅन ओपनर’ ठेवलं.

तिथे पाट्या नव्हत्या असं नाही. पाट्या होत्या, पिवळे दिवे होते. पुढे उंच गाडी सेन्सरने ओळखून सिग्नल लाल करायची आणि ‘वळा’ असा फलक पेटवायची सोयही केली. तरी धडका चालूच! रस्ता खाली खोदता येईना, कारण खालून मोठी गटाराची लाइन जाते. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये रेल्वेने पूलच आठ इंच उचलून १२ फूट ४ इंच केला. धडका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

बॉस्टनची गोष्ट तर आपल्यासारख्या विद्यार्थ्यांची आहे. तिथे स्टोरो ड्राइव्ह नावाचा नदीकाठचा रस्ता आहे. त्यावरचे पूल ठेंगणे आहेत, काही ठिकाणी दहा फुटांच्या आसपास. ‘फक्त कार’ अशा पाट्या आहेत. बॉस्टनमध्ये बऱ्याच खोल्यांचे करार १ सप्टेंबरला सुरू होतात. त्यामुळे त्या सुमारास विद्यार्थी सामान हलवायला ट्रक भाड्याने घेतात, फोन लावतात, फोन त्यांना कार समजून स्टोरो ड्राइव्हवर घालतो आणि ट्रक पुलाखाली अडकतो. हे इतक्यांदा झालंय की तिथे ‘स्टोरोड होणे’ असं क्रियापदच तयार झालंय! एमएसला जाणाऱ्या आपल्या सीनियर्सनी हा परिच्छेद कापून पासपोर्टमध्ये ठेवावा.

ब्रिटनमध्येही रेल्वे पुलांना दरवर्षी हजारावर धडका बसतात. बहुतेक लॉरीच्या. तिथला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : १६ फूट ६ इंचांपेक्षा (५.०३ मीटर) ठेंगण्या पुलावर उंचीची पाटी असते. कमानीचा पूल असेल तर लिहिलेली उंची फक्त मधल्या पट्ट्यापुरती, कडेला कमान आणखी खाली उतरते.

मामाची गाडी आणि अकरा मिनिटं

माझा मामा इंग्लंडमध्ये असतो. मी त्याच्याकडे सुट्टीला गेलो होतो तेव्हा त्याने मोटारहोम भाड्याने घेतलं होतं. उंची ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. कराराच्या कागदावर एक ओळ ठळक छापलेली होती : छताचं नुकसान विम्यात धरलं जाणार नाही. मामीने ती ओळ दोनदा वाचून दाखवली. मामा म्हणाला, ‘अगं, मी काय विमान चालवतोय का?’

मामाकडे कॅम्परसाठीचं डिव्हाइस होतं (तिकडे ‘सॅटनॅव्ह’ म्हणतात) आणि माझ्याकडे फोन. यॉर्कशरच्या बाजूला हायवेवर ट्रॅफिक जाम लागला. फोनने लगेच दुसरा रस्ता सुचवला, अकरा मिनिटं वाचतील म्हणून. डिव्हाइस मात्र ‘याच रस्त्याने सरळ चला’ म्हणत होतं. मामाने फोनचं ऐकलं. पाच मिनिटांत दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी आणि मध्ये एकच गाडी मावेल असा रस्ता. आणि वळण संपताच समोर दगडी पूल आणि लाल कडेची गोल पाटी : ९ फूट ६ इंच.

मामाने ब्रेक लावला. मागे दोन गाड्या. काही क्षण कुणीच बोललं नाही. मग मामी खाली उतरली आणि म्हणाली, ‘अहो, तुम्ही फक्त माझ्या हाताकडे बघा.’ मागच्या दोन्ही गाड्यांना विनंती करून तिने त्या मागे घ्यायला लावल्या. मी दुसऱ्या बाजूला उभा राहून झाडीचं अंतर सांगत होतो. एका शेताच्या फाटकापर्यंत दोनेकशे मीटर गाडी रिव्हर्स घेतली आणि तिथे वळवली. अकरा मिनिटं वाचवायला गेलो आणि चाळीस मिनिटं गेली. पण गाडीला ओरखडासुद्धा नाही.

नंतर मी विचार करत होतो. फोनला ट्रॅफिकची माहिती होती ती बरोबरच होती. ती येते रस्त्यावरच्या इतर फोनच्या वेगावरून, आणि त्या पुलाखालून कार खरोखरच सुसाट जात होत्या. म्हणजे फोनच्या दृष्टीने तो रस्ता उत्तम! डिव्हाइसला ट्रॅफिकचं तेवढं कळत नव्हतं, पण दहा फूट कळत होते. दोघांकडेही अर्धं-अर्धं सत्य होतं. पाटीने उरलेलं सांगितलं, आणि ती वाचली माणसाने.

फोन की डिव्हाइस?

याचं उत्तर ‘दोन्ही, पण कामं वाटून’ असं आहे.

डिव्हाइस (उदा. गार्मिन किंवा टॉमटॉमची कॅम्पर मॉडेल्स) मध्ये गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरता येतं. नकाशा आतच साठवलेला असतो, त्यामुळे रेंजचा प्रश्न नाही. उन्हात काचेवर तापून बंद पडत नाही. तोटे म्हणजे किंमत जास्त, आणि नकाशा अपडेट केला नाही तर दोन वर्षांपूर्वीचा बायपास त्याला ठाऊक नसतो.

फोन फुकट, ट्रॅफिक ताजं, पेट्रोलपंप आणि सुपरमार्केट शोधायला उत्तम. तोटा म्हणजे तो आपल्याला कार समजतो. ज्यांना डिव्हाइस परवडत नाही त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा. त्यात पुलाची उंची, वजनाची मर्यादा असे टॅग असतात. ओस्मॲन्डसारखं ॲप तो नकाशा फोनमध्ये साठवतं आणि गाडीची मापंही विचारतं.

म्हणून कामाची वाटणी अशी : रस्ता ठरवायचा मापं माहीत असलेल्याने, ट्रॅफिक आणि दुकानं बघायची फोनवर, आणि फोनने ‘लवकरचा रस्ता’ सुचवला तर तो आपोआप स्वीकारायचा नाही. ही सगळी यंत्रं हाताळायची शेजारी बसलेल्याने. ब्रिटनमध्ये गाडी चालवताना फोन हातात धरला तर २०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट. फ्रान्समध्ये स्पीड कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रावर २०१२ पासून बंदी आहे, तेव्हा ती सोय सीमेआधीच बंद करायची.

निघण्यापूर्वी

१) गाडी स्वतः मोजा. कागदावरच्या उंचीत छतावरचा एसी, डिश, सामानाची पेटी धरलेली असेलच असं नाही. मागे सायकली अडकवल्या तर लांबी वाढते. मोजलेल्या उंचीत किमान १५ सेंमी मिळवून तो आकडा डिव्हाइसमध्ये भरा.

२) तो आकडा कागदावर मीटरमध्ये आणि फूट-इंचांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पाटी दिसल्यावर ३.२८ ने गुणायला वेळ नसतो. वायव्हात अडखळलं तर मार्क जातात, इथे छप्पर जाईल.

३) नकाशे वायफायवर आधीच उतरवून घ्या, आणि उतरले आहेत का ते फोन विमान-मोडवर टाकून तपासा. साठवलेल्या नकाशात ताजं ट्रॅफिक नसतं हेही लक्षात ठेवा.

४) मुक्कामाची जागा पत्त्याने नको, अक्षांश-रेखांशाने भरा. खेड्यात एकच पोस्टकोड लांबवर पसरलेल्या घरांना असू शकतो. पण फॉरमॅट बघा! ५७ अंश ३० मिनिटं म्हणजे ५७.५, ५७.३० नव्हे. हा घोळ झाला तर ०.२ अंशाचा फरक, म्हणजे उत्तर-दक्षिण २२ किमी. रात्री दहा वाजता हे २२ किमी फार लांब वाटतात.

५) वेळेचा अंदाज सव्वापट धरा. फोनवरची वेळ कारची असते. ब्रिटनमध्ये रिकामं वजन ३.०५ टनांपेक्षा जास्त असलेल्या मोटारहोमला दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैलांचीच मर्यादा आहे, कारला ६०.

६) पूर्ण मार्ग आदल्या रात्री डोळ्यांखालून घाला. स्कॉटलंडमध्ये ॲपलक्रॉसला जाणारा ब्यालाख ना बा हा घाट जवळपास समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरवर चढतो. पायथ्याच्या फलकावर स्पष्ट लिहिलंय की शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी जाऊ नये. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट घाटात चढ एकास तीन आहे. नकाशात दोन्ही साध्या रेघा दिसतात. कागदी ॲटलास सोबत ठेवा. लॉरीचालकांसाठीच्या ॲटलासमध्ये ठेंगणे पूल छापलेले असतात, आणि त्याची बॅटरी संपत नाही.

७) पाटी आणि स्क्रीन यांच्यात मतभेद झाला तर पाटी जिंकते. नेहमी. पाटी पुलाशेजारी उभी आहे, स्क्रीनला फक्त सांगोवांगी माहिती आहे.

जाता जाता

तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठे लगेच मोटारहोम चालवायचंय? खरंय. पण या सगळ्याची एक बाजू आपल्या अगदी जवळची आहे. आपल्याकडे रेल्वेच्या पुलाखालून जाणाऱ्या रस्त्याआधी लोखंडी आडवी कमान असते, तिच्यावर उंची लिहिलेली असते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ती उंची भरणारा कुणी सरकारी अधिकारी नसतो, तुमच्या-माझ्यासारखाच कुणीतरी असतो. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. रविवारी दुपारी मेसचं जेवण जिरवायला बाहेर पडाल तेव्हा जवळच्या पुलावरचा आकडा वाचा आणि नकाशात त्या रस्त्याला उंचीचा टॅग आहे का बघा. नसेल तर भरा. तुमच्या एका आकड्यामुळे गवताने भरलेला एखादा टेम्पो किंवा घरसामान घेऊन निघालेला ट्रक वेळीच दुसऱ्या रस्त्याने जाईल. त्या ड्रायव्हरला तुमचं नाव कधीच कळणार नाही, पण नल व्हॅल्यूच्या जागी खरा आकडा येईल, आणि इंजिनिअरने यापेक्षा वेगळं काय करायचं असतं?